मापाऱ्याचे बालपण आणि बाईची तूर: एका लघुपटाच्या दोन आवृत्त्या

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील एका गावात पाच-सहा तरुणांनी मिळून चोवीस मिनिटांचा एक लघुपट केला. कथा गावातली, पात्रे गावातलीच माणसे आणि कॅमेरा भाड्याने आणलेला. ध्वनिमुद्रण आणि ध्वनीची सगळी जुळवणी माझ्याकडे होती, संकलनालाही मी बसत होतो; म्हणून पुढे ज्या चुकीची चिकित्सा करणार आहे तिच्यातला मोठा वाटा माझा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. या लघुपटाच्या दोन आवृत्त्या झाल्या. चित्रीकरण तेच, नट तेच, संवादही जवळजवळ तेच. बदलले ते आवाज आणि बदलली ती फ्लॅशबॅकची जागा. तेवढ्याने त्याच गावातल्या प्रेक्षकांचे एका पात्राविषयीचे मन इतके पालटले, की हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

कथा आणि पहिली आवृत्ती

दोन एकरांची मालकीण असलेली एक विधवा बाई जानेवारीत तूर निघाल्यावर रात्री घरात कंदिलाच्या उजेडात ती पायलीने मोजते, पोती शिवते आणि दुसऱ्या दिवशी गावातल्याच व्यापाऱ्याच्या गोदामात विकायला नेते. तेथे साठीकडे झुकलेला एक मापारी आहे. पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवताना तो पोत्याचे कान सोडत नाही, खालून गुडघ्याचा हलका टेका देतो आणि वजन कमी भरवतो. शिवाय दर पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली ठरावीक घट, कापतो ती वेगळीच. बाईला फरक कळतो, पण दाखवून देता येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेले पैसे पदरात बांधून ती घरी येते. एवढीच घटना.

लेखन करणाऱ्या मुलाची एक इच्छा होती आणि ती मला मनापासून पटली होती. मापारी हा खलनायक होऊ नये, कारण मापारी मालक नसतो. तोही रोजंदारीचाच माणूस असतो. म्हणून त्याला भूतकाळ दिला गेला. नऊ वर्षांचा असताना त्याच्या घरची ज्वारी खळ्यावरूनच सावकाराच्या घरी गेली होती. आषाढात खायला नेलेल्या धान्याची फेड सुगीत दिढीने करायची, म्हणजे एका पायलीला दीड पायली, हा व्यवहार विदर्भातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. फ्लॅशबॅकमध्ये ज्वारीची रास आहे, सावकाराचा माणूस पायलीने माप घालतो आहे, आई बाजूला बसली आहे आणि पोरगा पोत्याचे तोंड दोन्ही हातांनी धरून उभा आहे. मोजणीची सुरुवात आपल्याकडे ‘एक’ म्हणून होत नाही, पहिले माप ‘लाभ’ म्हणून पडते आणि मग दोन, तीन. ज्याच्या घरातून धान्य निघून चालले आहे त्याच्या कानावरही पहिला शब्द ‘लाभ’ हाच पडतो. कथेतला सर्वांत मोलाचा धागा हाच होता आणि पहिल्या आवृत्तीत आम्हाला तो नीट ऐकूच आला नाही.

पहिल्या आवृत्तीत हा फ्लॅशबॅक सलग तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा होता आणि सातव्या मिनिटाला, म्हणजे गोदामातल्या मोजणीच्या आधी येत होता. त्यावर संगीत होते. संगीत देणारा मुलगा गडचिरोलीकडचा, झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन वाजवणारा. दिवाळीनंतर वडसा आणि आजूबाजूच्या मुलखात रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत वादकाला समोरच्या हजारो माणसांचा श्वास ओळखावा लागतो. कोणत्या वाक्यानंतर सूर धरला की बाया पदर डोळ्याला लावतात हे त्याला पाठ असते. त्याने ऑर्गन आणि बासरीवर जे वाजवले ते उत्तमच होते. मी त्यात भर म्हणून मुलाच्या आणि आईच्या आवाजाला लांबट घुमारा दिला आणि खळ्यावरचे बाकीचे आवाज जवळजवळ बंद केले. बाईच्या घरातल्या मोजणीचे दृश्य मात्र मी ‘शुद्ध’ ठेवले. कंदिलाची किंचित फुरफुर, बाईचा श्वास, पायलीची कड पोत्याला घासल्याचा आवाज आणि अगदी पुटपुटल्यासारखी तिची मोजणी. हेडफोन लावून ऐकताना ते दृश्य मला संपूर्ण लघुपटातले सर्वांत सुंदर वाटत होते.

मैदानावरची रात्र

पहिला खेळ शाळेसमोरच्या मैदानात झाला. पांढरे कापड ताणले, लग्नकार्यात वाजणारे डीजेचे दोन मोठे बॉक्स कापडाच्या दोन बाजूंना उभे केले, आणि भारनियमनामुळे जनरेटर लावला. तो मागच्या रांगांपासून फार दूर नव्हता. थंडी होती, तरी माणसे चांगली जमली. पुढे लेकरे, मध्ये बाया आणि मागे मोटारसायकलींवर टेकून उभे असलेले पुरुष.

फ्लॅशबॅक सुरू झाला तेव्हा मैदान शांत झाले. दोन-तीन बायांनी डोळे पुसलेले मी स्वतः पाहिले. तोपर्यंत आम्हाला वाटत होते की काम जमले. पण त्यानंतर गोदामातली मोजणी आली, मापाऱ्याने गुडघा पोत्याला लावला, आणि प्रेक्षकांतून राग उमटण्याऐवजी एक सुस्कारा उमटला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “लहानपनी असं झालं तं मानूस मंग तसाच होते, त्याचा काय दोस?” बाई घरी परतते ते शेवटचे दृश्य चालू असताना मागची माणसे उठायला लागली होती. त्यांच्या लेखी गोष्ट मापाऱ्याची होती आणि ती संपली होती.

खेळानंतर आम्ही माणसांना थांबवून बोलते केले. बहुतेकांनी मापाऱ्याचे काम करणाऱ्या काकाजींचे कौतुक केले, संगीत आवडल्याचे सांगितले. मग बायांच्या घोळक्यातून पन्नाशीच्या एक ताई उठल्या. त्यांची स्वतःची तूर आठवड्यापूर्वीच विकली गेली होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्याच्या बापाची जवारी गेली म्हणून माही तूर कमी मोजावी काय? हे कोणतं गणित होय जी? आन् त्या बाईचं काय झालं हे तं तुम्ही दाखोलंच नाही.”

आम्ही दाखवले होते. बाईची दृश्ये मोजली तर ती मापाऱ्याच्या दृश्यांपेक्षा जास्तच भरतात. एकूण साडेनऊ मिनिटे ती पडद्यावर आहे. तरी एका चौकस, प्रत्यक्ष त्याच प्रसंगातून गेलेल्या प्रेक्षक स्त्रीला ती दिसलीच नाही असे वाटत असेल, तर दोष त्यांच्या पाहण्यात नसून आमच्या ऐकवण्यात होता. त्यांचे ते वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून घेतले आणि पुढचे तीन आठवडे तेच समोर ठेवून काम केले.

माया कोणत्या वाटेने गेली

सर्वांत आधी साधी, मैदानाची गोष्ट पाहू. कारण चित्रपटाच्या ध्वनीवर बोलताना आपण बंद सभागृह गृहीत धरतो आणि खेड्यात सभागृह नसते. उघड्या जागेत आवाज दर दुप्पट अंतराला सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कमी वारंवारतेचा सततचा मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले हळू आवाज झाकून टाकतो, आणि जनरेटरची घरघर नेमकी तशीच असते. म्हणजे बाईचा श्वास, कंदिलाची फुरफुर, पुटपुटत केलेली मोजणी, जे जे मी जिवापाड जपले होते, ते पाचव्या रांगेच्या मागे पोहोचलेच नव्हते. तिथल्या माणसासाठी ती चार मिनिटे म्हणजे एक बाई अंधारात काहीतरी करते आहे, एवढेच चित्र होते. त्यानंतर ऑर्गन आणि बासरी आली, ती स्वच्छ ऐकू आली. ज्याचे ऐकू येते त्याच्याकडे माणूस वळतो. मागच्या माणसांना संवादही ओठांच्या किंचित मागे पडलेले ऐकू येत होते, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि तीस मीटरवर बसलेल्याला तो जवळजवळ दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साधारण बारावा भाग, उशिरा मिळतो. ओठ आणि शब्द यांची फारकत झाली की समोरचे माणूस परके वाटू लागते. संगीताला ओठ नसतात, त्यामुळे संगीताला ही अडचण येत नाही. बाई परकी झाली आणि मापारी आपला राहिला, याचा पहिला अर्थ इतका भौतिक आहे.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर जनरेटर हलवून प्रश्न सुटला असता. ते खरे नव्हते, हे दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या बंद खोलीत लघुपट पुन्हा पाहताना कळले. तिथे सगळे नीट ऐकू येत होते, तरी ओढ मापाऱ्याकडेच जात होती. म्हणून आम्ही फ्लॅशबॅक तीन प्रकारे पाहिला. आधी आवाज पूर्ण बंद करून, मग पडदा झाकून फक्त आवाज, आणि शेवटी संगीत काढून उरलेल्या खळ्याच्या आवाजासह. आवाज बंद असताना तो पोरगा आम्हा सगळ्यांनाच काहीसा कोरा वाटला. तो रडत नाही, नुसता पोत्याचे तोंड धरून उभा असतो. ज्या चेहऱ्यावर काल माणसे रडली त्या चेहऱ्यावर प्रत्यक्षात काहीच नव्हते. ती व्यथा ऑर्गनमध्ये होती आणि आम्ही ती त्याच्या चेहऱ्यावर पाहत होतो.

हे काही नवीन नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव याने १९२० च्या सुमारास एकाच नटाच्या भावहीन चेहऱ्याला वेगवेगळी चित्रे जोडून दाखवली आणि पाहणाऱ्यांनी त्याच चेहऱ्यात वेगवेगळे भाव वाचले, ही गोष्ट चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली जाते. संगीताच्या बाबतीत याहून थेट पुरावा आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटी चलत्चित्रफीत वापरली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ नुसते इकडेतिकडे फिरतात, आणि तरी पाहणारे ‘मोठा त्रिकोण दांडगाई करतो’ अशी गोष्ट रचतात. पुढे १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी याच आकृत्यांना निरनिराळे संगीत जोडून दाखवले, तर त्या आकृत्यांविषयीची मतेच संगीताप्रमाणे बदलली. जिथे त्रिकोणाच्या वाट्याला येणारी माया किंवा नावड सुरावर ठरू शकते, तिथे गावातल्या ओळखीच्या काकाजींचा चेहरा आणि बासरी यांनी काय केले असेल हे सांगायला नको.

संगीताने माया दिली आणि फ्लॅशबॅकच्या जागेने तिला काम दिले. भूतकाळ अपराधाच्या आधी दाखवला की तो आगाऊ दिलेली सबब होतो. प्रेक्षक गोदामात शिरतो तेव्हा त्याच्या हातात कारण तयार असते. मापाऱ्याने गुडघा लावायचा अवकाश, की ते कारण त्या कृतीवर जाऊन बसते. तोच भूतकाळ अपराधानंतर आला असता तर आधी झालेला राग कायम ठेवून त्याच्याशी प्रेक्षकाला झगडावे लागले असते. फ्लॅशबॅकने माणूस समजतो, हे खरेच आहे. पण समजणे आणि माफ करणे यांच्यामध्ये प्रेक्षकाला उभे राहायला जी थोडी जागा लागते, ती आम्ही तीन मिनिटे चाळीस सेकंदांच्या सुरांनी भरून टाकली होती.

मला सर्वांत जास्त लागली ती आणखी एक गोष्ट. भूतकाळ फक्त एकाच पात्राला होता. मापाऱ्याला बालपण होते, आई होती, खळे होते. बाईला मात्र केवळ त्या दिवसाची तूर होती. पडद्यावर ज्याला काल असतो तो आज काहीही करो, तो माणूस ठरतो. ज्याला काल नसतो तो प्रसंगातला एक हिस्सा होऊन राहतो. त्या ताईंनी विचारलेले गणित हेच होते. लघुपटातही एकाच्या पोत्याला खालून टेका दिला गेला होता आणि तो आम्ही दिला होता.

ज्वारी आणि तूर

पहिल्या खेळानंतर एका म्हाताऱ्या आजीने मला बाजूला बोलावून जे सांगितले ते चर्चेत कोणीच बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, “बाबू, खऱ्यावरची रास जवारीची दाखोली, पन आवाज तं तुरीचा येते. जवारी अशी वाजत नाही.” आणि ते बरोबर होते. खळ्यावरचे मापाचे आवाज चित्रीकरणाच्या वेळी वाऱ्यामुळे खराब झाले होते, म्हणून ते मी नंतर वेगळे ध्वनिमुद्रित केले, आणि हाताशी तूर होती म्हणून तूरच पायलीत ओतली. ज्वारीचा दाणा बारीक आणि गोल, तो सर्रकन, पाण्यासारखा उतरतो. तूर दणकट, ती पत्र्यावर पडल्यासारखी खडखडते. संगीताखाली हा फरक दबेल असे मी धरून चाललो होतो. ज्यांचे आयुष्य त्या दोन आवाजांत गेले त्यांच्या कानाखाली काहीच दबत नाही.

चूक दुरुस्त करायला ज्वारी शोधावी लागली. एकेकाळी या भागात घरोघर ज्वारीच्या कणग्या असत. सोयाबीन आले तशी ज्वारी मागे हटली आणि आता खाण्यापुरती चार तासे पेरणारी घरे विचारत फिरावे लागते. शेवटी त्याच आजींच्या नातेवाइकाकडे दीड पोते मिळाले. रात्री अकरानंतर, गावातली कुत्रीही निवल्यावर, त्यांच्या माजघरात घोंगडे अंथरून आम्ही मुद्रण केले. मायक्रोफोन पायलीपासून वीतभर अंतरावर होता. माप आजींनीच घातले. पायली राशीत खुपसताना एक बसका आवाज होतो, ती भरून वर येताना काठावरून दाणे निसटतात त्यांची बारीक सरसर असते, मग तळहाताने वरची शीग सपाट केल्याचा कोरडा आवाज, आणि मग पोत्यात ओतल्याचा. आजी सवयीने मोजू लागल्या. “लाभ.” त्यांनी तो शब्द वर ओढून, थोडा गाण्यासारखा म्हटला आणि पुढचे ‘दोन’ सपाट आवाजात. मी त्यांना थांबवले नाही. त्या अठरापर्यंत मोजत गेल्या आणि मग अचानक म्हणाल्या, “एवढी तं तवा एका फेरीत जात होती सावकाराकडे.”

त्या मुद्रणात संगीताला जागाच उरली नव्हती. प्रभात कंपनीच्या १९३७ च्या ‘कुंकू’ या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही, दृश्यात ज्या वस्तू आहेत त्यांचेच आवाज आहेत, हे मला माहीत होते आणि शिकवतानाही मी ते सांगत आलो आहे. पण एखादी गोष्ट माहीत असणे आणि स्वतःच्या टाइमलाइनवरून चांगल्या वादकाचे चांगले संगीत उचलून बाजूला ठेवणे यांत अंतर आहे. मी त्या मुलाला फोन करून सगळे समजावून सांगितले. त्याने आजींचे मुद्रण पाठवायला सांगितले, ऐकले, आणि म्हणाला, “दादा, यावर वाजवणं म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या मधात बोलणं होय.”

दुसरी आवृत्ती

लघुपटाची सुरुवात आता बाईच्या मोजणीने होते, आणि कापडावर चित्र येण्याआधी सात सेकंद तिचा आवाज येतो. “लाभ… दोन… तीन…” तो पुटपुटलेला राहिला नाही. तिच्याकडून तो पुन्हा बोलवून घेतला, मैदानाच्या शेवटच्या रांगेत पोहोचेल इतका मोकळा, तरी घरातला. माणूस अंधारात मोजतो तेव्हा तो स्वतःलाच ऐकवतो. म्हणून तो मोठ्याने असायला हरकत नव्हती, हे मला आधी सुचले नव्हते.

फ्लॅशबॅक तीन मिनिटे चाळीस सेकंदांवरून पंचेचाळीस सेकंदांवर आला आणि गोदामाच्या मोजणीच्या आधी न राहता तिच्या आत गेला. बाईला मापाऱ्यावर भरवसा नाही, म्हणून पहिले पोते काट्यावर चढताच ती स्वतःशी मोजू लागते आणि सवयीने ‘लाभ’ म्हणते. काट्याची टीं टीं चालू आहे, आकडे स्थिरावत आहेत, आणि मापाऱ्याचा हात पोत्याच्या कानावर थांबतो. त्याच्या कानात तिचा ‘लाभ’ संपत नाही. तोच शब्द दुसऱ्या एका बाईच्या आवाजात पुढे जातो आणि त्या आवाजामागोमाग खळे दिसते. तिथे मोजणारा आता सावकाराचा माणूस नाही, आई आहे. चित्रीकरणाच्या वेळी आईचे काम करणाऱ्या ताईंनी एका टेकमध्ये आपणहून मोजणी म्हटली होती आणि ‘संवादात नाही’ म्हणून आम्ही तो टेक टाकून दिला होता. तो आता मुख्य झाला. आवाजाला घुमारा नाही. आठवण म्हटली की आवाज विहिरीतून आल्यासारखा करायचा, ही रीत मी बिनविचार पाळत होतो. पण नऊ वर्षांच्या पोराच्या कानाशी आई बसलेली असेल तर तिचा आवाज दुरून येणार नाही, तो आत्ताच्या गोदामापेक्षाही जवळून येईल. म्हणून खळे कोरडे आणि जवळचे ठेवले, आणि गोदामालाच पत्र्याखालचा पोकळ घुमारा राहू दिला.

या जुळवणीचा परिणाम असा, की मापाऱ्याच्या भूतकाळात शिरायचे दार बाईच्या आवाजात आहे. तिने ‘लाभ’ म्हटले नसते तर त्याला काही आठवले नसते. प्रेक्षकाच्या मनात त्याच्याविषयी जे काही हलते ते तिच्यावरून जाऊनच त्याच्यापर्यंत पोहोचते. आणि चित्र गोदामात परत आल्यावरही आईची मोजणी थांबत नाही. ‘सहा’, ‘सात’ चालू असतानाच मापारी गुडघा पोत्याला टेकवतो. त्याला आठवते आहे आणि तरी तो करतो आहे, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी कानावर आणि डोळ्यांवर येतात. फ्लॅशबॅक आधी सबब होता, आता तो त्याच्यावरचा भार झाला.

बाईलाही थोडा काल द्यावा, असा विचार पुढे आला होता. तिच्या नवऱ्याची आठवण दाखवणारे एक दृश्य लिहूनही झाले होते. मी त्याला विरोध केला. दोन भूतकाळ समोरासमोर ठेवले की प्रेक्षक कोणाचे दुःख मोठे हे ठरवायला बसतो. त्याऐवजी तिच्या घरात एक आवाज ठेवला. माप घालताना ती प्रत्येक पाचव्या पायलीला एक दाणा बाजूच्या पितळी ताटलीत टाकते, टिण्ण. मोजणी चुकू नये म्हणून असे दाणे टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. हे कोणी शिकवले, कधीपासून, काही सांगितलेले नाही. पण त्या एका आवाजाने कळते की हिचे माप आजचे नाही.

दुसरा खेळ

दुसऱ्या खेळाला जनरेटर शाळेच्या इमारतीमागे नेला. दोन मोठे बॉक्स थोडे खाली आणि त्यांचा आवाज कमी ठेवला, आणि मैदानाच्या मध्यावर दोन लहान स्पीकर उभे केले; ते किंचित उशिरा वाजतील असे जुळवले, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज मागच्या माणसाकडे बरोबरच पोहोचेल. या वेळी माणसे पहिल्या खेळापेक्षा कमी होती, पण त्यातली बहुतेक पहिल्या खेळाला आलेलीच होती.

कोणी डोळे पुसले नाहीत. गोदामाच्या दृश्यात गुडघा पोत्याला लागला तेव्हा बायांच्या बाजूने एक ‘च्’ असा आवाज आला आणि मागून कोणीतरी दबक्या आवाजात शिवी दिली. बाई घरी येते, पितळी ताटलीतले दाणे मोजते आणि हातातल्या चिठ्ठीकडे पाहते, तिथपर्यंत एकही मोटारसायकल सुरू झाली नाही. पहिल्या खेळात ‘त्याचा काय दोस’ म्हणणारे गृहस्थ या वेळी काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्याले माईची आठवन आली होती ना भाऊ, तरी बी केलं.” या वाक्यात मापाऱ्याचा तिरस्कार नाही, आणि माफीही नाही. आम्हाला प्रेक्षक जिथे उभा राहायला हवा होता ती जागा नेमकी हीच होती. तूर विकलेल्या त्या ताईंना मी मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, “आता हिशोब बरोबर आला. त्याचंही दुःख हाय, पन माह्या पोत्यावर नोको.”

सगळेच जमले असे मात्र नाही. तरुण मुलांपैकी काहींना पंचेचाळीस सेकंदांत खळ्यावर काय चालले आहे ते कळले नाही; दिढीचा व्यवहार त्यांनी पाहिलेला नाही आणि संगीत नसल्यामुळे हे दुःखाचे दृश्य आहे हेही त्यांच्या लवकर ध्यानात आले नाही. एकाला वाटले की मापाऱ्याला जुने चांगले दिवस आठवले. संगीत काढताना आपण अर्थाचा एक टेकूही काढतो, हे मला मान्य करावे लागते. त्यांच्यासाठी मी फ्लॅशबॅकच्या शेवटी पोत्याचे तोंड शिवल्याचा आणि बंडी निघाल्याचा आवाज वाढवला. रिकाम्या खळ्यावरून दूर जाणारी चाकांची करकर. त्याने थोडे सुधारले.

शेवटची दुरुस्ती कोणत्याही चर्चेतून आली नाही. खेळ संपल्यावर कापड गुंडाळत असताना एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. त्यांनी तीस वर्षे काट्यावर काम केले होते, हे त्यांनीच सांगितले. गुडघा लागतो त्या क्षणी मी पोत्याच्या तागाची एक बारीक करकर टाकली होती, प्रेक्षकाला कळावे म्हणून. ते म्हणाले, “भाऊ, तेथं आवाज कायले टाकला? टेका देल्ला तं आवाज येत नाही. आला असता तं बाईले ऐकू नसता आला काय?” एवढे बोलून ते निघाले. काठी टेकत ते शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेले तोवर मी काहीच बोललो नाही.

त्याच रात्री ती करकर काढली. आता त्या ठिकाणी आईची मोजणी ‘सात’वर येते, काट्याची टीं टीं थांबते आणि आकडा स्थिर होतो. गुडघ्याचा आवाज येत नाही.